‘डिस्कस्ड अबाउट’ परत परत का येतं आणि ते कसं काढायचं

मागच्या आठवड्यात माझ्या संध्याकाळच्या क्लासमधल्या एकाने मेल तपासायला दिला. तो वायरमन आहे, एका कारखान्यात मेंटेनन्सला. मेल वरच्या साहेबांना जायचा होता, रजेबद्दल. त्यातलं मधलं वाक्य असं:

‘आय डिस्कस्ड अबाउट माय लीव्ह विथ माय सुपरवायझर अँड ही टोल्ड टु मी दॅट ही विल कॉल टु यू, बट ही डिड नॉट कॉल्ड.’

“मॅडम, टेन्स चुकलाय का?” हा त्याचा प्रश्न.

टेन्स चुकलाय, पण शेवटी. ‘विल’चं ‘वुड’ व्हायला हवं होतं, तेही आहे. पण वाक्य खटकतं ते त्यामुळे नाही. ‘डिस्कस्ड’ बरोबर आहे, ‘टोल्ड’ बरोबर आहे, भूतकाळाची रूपं त्याने चोख लिहिलीत. घोळ आहे तो त्या रूपांच्या शेजारी: ‘अबाउट’, ‘टु’, पुन्हा ‘टु’. तिन्ही काढून टाका, वाक्य उभं राहतं.

ही तक्रार माझ्याकडे दर बॅचला येते आणि तिचा सूर ठरलेला असतो. “नियम पाठ केला, दोन महिने नीट लिहिलं, आता परत तेच होतंय.” पाठ करून हे जात नाही, कारण चूक इंग्रजीच्या बाजूने येतच नाही. ती मराठीच्या बाजूने येते, आणि तीही आपण समजतो त्या वाटेने नाही.

आधी सोपं उरकून घेऊ. ‘डिड नॉट कॉल्ड’. मराठीत ‘केला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘केला’वर असतो आणि ‘नाही’ नुसतं बाजूला उभं असतं. इंग्रजीत ‘डिड’ आलं की भूतकाळ त्याने उचलला, मागच्या क्रियापदाचे हात मोकळे. ‘डिड नॉट कॉल’, ‘डिड नॉट गो’, ‘डिड ही टेल यू?’. भूतकाळ एका क्रियेसाठी एकदाच दाखवायचा, दोनदा भाडं द्यायचं नाही. एवढ्यावर हे संपतं. खरं दुखणं पुढे आहे.

दुखणं ‘केलं’मध्ये आहे

‘डिस्कस्ड अबाउट’ लिहिणाऱ्याला विचारलं की मनात मराठी काय होतं, तर उत्तर येतं, “रजेविषयी चर्चा केली.” नीट बघा. इथे क्रियापद ‘केली’ आहे. ‘चर्चा’ हे नाम आहे, आणि ‘विषयी’ आलंय ते त्या नामामुळे. चर्चा कशाविषयी, असं नामच विचारतं.

इंग्रजीत दोन्ही सोयी आहेत. नामाची सोय घेतली तर ‘आय हॅड अ डिस्कशन अबाउट माय लीव्ह’. इथे ‘अबाउट’ हवाच. क्रियापदाची सोय घेतली तर ‘आय डिस्कस्ड माय लीव्ह’. इथे ‘अबाउट’ नको. आपण करतो काय, ‘डिस्कस्ड’ दुसऱ्या वाक्यातून उचलतो आणि ‘अबाउट’ पहिल्यातून. स्प्लेंडरला ॲक्टिव्हाचं चाक.

मराठीला ही ‘नाम अधिक केलं’ची फार हौस. विनंती केली, मागणी केली, हल्ला केला, लग्न केलं, प्रवेश केला, संपर्क साधला, भेट दिली, उत्तर दिलं, भर दिला, फोन केला. यातल्या प्रत्येकाला इंग्रजीत एक सरळ क्रियापद आहे, आणि प्रत्येकाच्या मागे आपण नामाची शेपटी लावतो. रजेसाठी विनंती केली म्हणून ‘रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’. हवं ‘रिक्वेस्टेड लीव्ह’. नामाने जायचं असेल तर ‘मेड अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. त्याच्यावर हल्ला केला म्हणून ‘अटॅक्ड ऑन हिम’. हवं ‘अटॅक्ड हिम’. नामाने ‘ॲन अटॅक ऑन हिम’. शिस्तीवर भर दिला म्हणून ‘एम्फसाइज्ड ऑन डिसिप्लिन’. हे तर सभेच्या इंग्रजी वृत्तान्तात हमखास सापडतं. हवं ‘एम्फसाइज्ड डिसिप्लिन’. ‘ऑन’ हवा असेल तर ‘पुट एम्फसिस ऑन डिसिप्लिन’. हॉटेलात ‘वी ऑर्डर्ड फॉर टू टीज’ म्हणतात त्याचंही मूळ हेच, ‘ॲन ऑर्डर फॉर’मधला ‘फॉर’ क्रियापदाला येऊन चिकटला. आणि आमच्या वायरमनचं ‘कॉल टु यू’ म्हणजे ‘तुम्हाला फोन केला’, ‘अ कॉल टु यू’.

लग्नाचं जरा थांबून बघण्यासारखं आहे. ‘तिच्याशी लग्न केलं’, म्हणून ‘ही मॅरीड विथ हर’. शाळेत ‘ने, ए, शी’ घोकलेलं असतं आणि ‘शी’ म्हणजे ‘विथ’ हे डोक्यात पक्कं. इंग्रजीत ‘ही मॅरीड हर’, मध्ये कुणी नाही. पण ‘तिचं लग्न डॉक्टरशी झालंय’ म्हणायचं असेल तर ‘शी इज मॅरीड टु अ डॉक्टर’. तिथे ‘मॅरीड’ क्रिया सांगत नाही, स्थिती सांगतं, विशेषणासारखं बसलंय, म्हणून ‘टु’ लागला. ‘गॉट मॅरीड टु’ही तसंच. तेच अक्षर, तेच स्पेलिंग, काम वेगळं. ‘मॅरीड विथ टू किड्स’ असं एखाद्या प्रोफाइलवर वाचाल. त्याचा अर्थ दोन मुलांशी लग्न असा नाही, लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत असा आहे.

तर पहिली तपासणी ही: जे मराठी वाक्य मनात आहे त्यात एखादं नाम आणि मागे ‘केलं, दिलं, साधलं’ आहे का? असेल तर इंग्रजी क्रियापदानंतरच्या प्रिपोझिशनवर, म्हणजे ‘टु’, ‘फॉर’, ‘ऑन’सारख्या जोडशब्दावर, संशय घ्या. संशयच, निकाल नाही. ‘माफी मागितली’मध्येही नाम आहे, पण ‘अपॉलजाइज्ड टु हिम’ला ‘टु’ लागतोच. ‘बसची वाट पाहिली’ला ‘वेटेड फॉर द बस’, तिथे ‘फॉर’ गाळला तर उलट चूक. आणि ‘एंटर्ड द रूम’ बिनजोडीचं असलं तरी करार करताना ‘एंटर्ड इंटु ॲन ॲग्रीमेंट’ असं वकील लिहितात, ते त्यांचं बरोबर आहे.

एकच ‘ला’, आणि त्याचे चार पत्ते

‘त्याने मला सांगितलं. तो मला म्हणाला. त्याने मला समजावलं. त्याने मला विचारलं.’ चार क्रियापदं, एकच ‘मला’. मराठीत माणूस सगळीकडे त्याच दाराने आत येतो. इंग्रजीत:

‘ही टोल्ड मी.’ माणूस लगेच मागे, मध्ये काही नाही.
‘ही सेड टु मी.’ इथे ‘टु’ हवा. ‘ही सेड मी’ कधीच नाही.
‘ही एक्स्प्लेन्ड इट टु मी.’ आधी गोष्ट, मग ‘टु’, मग माणूस. ‘एक्स्प्लेन्ड मी’ ही मी रोज ऐकते ती चूक.
‘ही आस्क्ड मी.’ पुन्हा सरळ. पैसे मागितले तर ‘ही आस्क्ड मी फॉर मनी’.

‘सजेस्टेड’ चालतं ‘एक्स्प्लेन्ड’सारखं. ‘गेव्ह’ला दोन्ही चालतात, ‘गेव्ह हिम द की’ किंवा ‘गेव्ह द की टु हिम’. पण किल्लीच्या जागी ‘इट’ आलं की साधारणपणे दुसरीच रचना निवडतात, ‘गेव्ह इट टु हिम’. इटुकल्या सर्वनामाला वाक्यात आधी जागा मिळते. हे लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

स्थळाचंही तेच. ‘पुण्याला पोचलो’ हे एक वाक्य घ्या आणि इंग्रजीत तीन क्रियापदांनी लिहा: ‘रीच्ड पुणे’, ‘गॉट टु पुणे’, ‘अराइव्ह्ड इन पुणे’. स्टेशनवर पोचलो तर ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’. पुणे तेच, पोचणारा तोच, फक्त क्रियापद बदललं आणि जोड बदलली. म्हणजे ‘ला’चं इंग्रजी काय, हा प्रश्नच चुकीचा. ‘रीच्ड’ला काय लागतं, असं विचारायचं. मागून येणारा शब्द कधीकधी मोडता घालतो तेवढं: ‘वेंट टु पुणे’, पण ‘वेंट होम’, ‘वेंट देअर’, ‘वेंट अब्रॉड’. ‘घरी’ आणि ‘तिकडे’ यांच्या पोटात जोड आधीच आहे, मराठीतही ‘तिकडेला गेलो’ म्हणत नाही आपण. ‘लास्ट संडे’चंही तसंच. नुसता ‘ऑन संडे’ ठीक, पण ‘लास्ट’ लागला की ‘ऑन’ उडतो.

मराठी सोपी आणि इंग्रजी आडमुठी असं वाटत असेल तर स्वतःच्याच भाषेकडे बघा. त्याला भेटलो, त्याच्याशी भांडलो, त्याच्यावर रागावलो, त्याच्याकडे पाहिलं. इथेही क्रियापदच ठरवतं की माणसाला कुठला प्रत्यय लागेल. बाहेरून येऊन मराठी शिकणाऱ्याला विचारा, ‘त्याच्यावर भांडलो’ म्हणत म्हणत किती दिवस काढतो तो. आपण हे कडेवर असताना शिकलो, म्हणून नियम दिसत नाही.

यावर उपाय म्हणून मी वहीची पद्धत बदलायला लावते. ‘टेल म्हणजे सांगणे’ असं लिहिणं बंद. क्रियापद भूतकाळात लिहायचं, शेपटीसकट, आणि पुढे सर्वनाम: ‘टोल्ड हिम’, ‘सेड टु हिम’, ‘वेटेड फॉर हिम’, ‘लिसन्ड टु हिम’, ‘मेट हिम’, ‘लाफ्ड ॲट हिम’. अर्थ लिहिला नाही तरी चालेल, ‘हिम’ मात्र लिहायचा. तोंडाला एका दमात येईल एवढाच तुकडा. भूतकाळ अशासाठी की आपण मेलमध्ये, तक्रारीत, मुलाखतीत जे सांगतो ते बहुतेक झालेलंच सांगतो. आणि ‘हिम’ अशासाठी की मग ‘टोल्ड ही’ किंवा ‘विथ ही’ हातून होतच नाही.

सर्वनामाचा आणखी एक घोटाळा जाता जाता. ‘साहेबांनी राजूला आणि मला बोलावलं’ याचं ‘कॉल्ड राजू अँड आय’ करणारे पुष्कळ, कारण ‘राजू अँड मी’ लिहिल्यावर कुणीतरी कधीतरी झापलेलं असतं. राजूला क्षणभर बाजूला करा. ‘कॉल्ड आय’ म्हणाल का? नाही. मग राजू आल्यावरही ‘मी’च: ‘कॉल्ड राजू अँड मी’.

टेस्टर

आमच्या वायरमनला हा भाग एका मिनिटात कळला, म्हणून त्याच्याच शब्दांत सांगते: वायर बघून करंट कळत नाही, टेस्टर लावावा लागतो. इथला टेस्टर म्हणजे ‘इट’.

दोन वाक्यं घ्या. ‘आय लुक्ड ओव्हर द रिपोर्ट’, रिपोर्टवरून नजर फिरवली. ‘आय लुक्ड ओव्हर द वॉल’, भिंतीवरून पलीकडे पाहिलं. कागदावर दोन्ही सारखी. आता नाम काढून ‘इट’ लावा. रिपोर्टचं होतं ‘आय लुक्ड इट ओव्हर’. भिंतीचं होतं ‘आय लुक्ड ओव्हर इट’. पहिल्यात ‘ओव्हर’ हा क्रियापदाचाच सुटा भाग आहे, ‘लुक्ड ओव्हर’ मिळून एक काम. दुसऱ्यात तो खराखुरा प्रिपोझिशन आहे, भिंतीला धरून उभा, आणि भिंत ‘इट’ झाली तरी तिला सोडत नाही.

सुट्या भागाच्या क्रियापदांत नाम मध्ये ठेवा नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं: ‘टर्न्ड ऑफ द फॅन’, ‘टर्न्ड द फॅन ऑफ’. सर्वनाम मात्र मध्येच: ‘टर्न्ड इट ऑफ’. ‘टर्न्ड ऑफ इट’ म्हटलं की इंग्रजी बोलणारा माणूस दचकतो. ‘फिल्ड इट इन’, ‘थ्रू इट अवे’, ‘पिक्ड हिम अप’, ‘गेव्ह इट बॅक’, सगळी याच जातीची. उलट ‘लुक्ड आफ्टर हर’, ‘लुक्ड फॉर इट’, ‘वेटेड फॉर देम’ यांच्यात मध्ये कुणाला शिरू देऊ नका. ‘रॅन आउट ऑफ इट’सारखी तीन डब्यांची गाडी असेल तर सर्वनाम सगळ्यांच्या मागे.

कोणतं क्रियापद कुठल्या जातीचं हे कसं ओळखायचं? कानाने. ‘टर्न्ड इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो. ‘लुक्ड ॲट इट’ म्हणताना जोर ‘लुक्ड’वर, ‘ॲट’ पुसट होतो. सुट्या भागाला आवाज मिळतो, प्रिपोझिशन बहुधा दबून जातो. रेडिओवर, सिनेमात हे पकडायची सवय लागली की यादी पाठ करावी लागत नाही.

मालक गेला तरी प्रिपोझिशन राहतो

हे थोडं पुढच्या पायरीचं आहे, पण बारावीच्या मुलांचे मार्क इथेच जातात. ‘ज्या बसची मी वाट पाहिली ती आलीच नाही.’ मुलं लिहितात ‘द बस आय वेटेड नेव्हर केम’. मराठीत ‘ची’ हा प्रत्यय ‘ज्या बस’ला चिकटून पुढे गेला, मागे काही उरलं नाही. इंग्रजीत बस पुढे निघून गेली तरी ‘फॉर’ क्रियापदापाशीच थांबतो: ‘द बस आय वेटेड फॉर नेव्हर केम’. ‘तू कुणाशी बोललास?’ हे ‘हू डिड यू टॉक टु?’. शेवटी लटकलेला ‘टु’ बघून हात आपोआप तो खोडायला जातो. खोडू नका.

सगळ्यात अवघडल्यासारखं होतं ते कर्मणीत. ‘सगळे मला हसले’ हे ‘एव्हरीवन लाफ्ड ॲट मी’. उलटं केलं की ‘आय वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन’. ‘ॲट बाय’ असे दोन शेजारी शेजारी आले की प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतं, मॅडम, एक चुकून राहिला का? नाही राहिला. ‘ॲट’ क्रियापदाचा, ‘बाय’ हसणाऱ्यांचा. ‘शी वॉज वेल लुक्ड आफ्टर बाय हर ग्रँडमदर’ म्हणून बघा, कानाला सवय होते.

ऐकताना ‘ड’ कुठे जातो

काही जण लिहिताना चुकत नाहीत, ऐकून लिहिताना चुकतात. त्यांची तक्रार: समोरचा भूतकाळात बोलतच नाही. बोलतो, आपल्याला ऐकू येत नाही. ‘वॉक्ड’च्या शेवटी उच्चार ‘ट’चा आहे, ‘ड’चा नाही. कठोर आवाजानंतर ‘ट’, मृदू आवाजानंतर ‘ड’ (‘कॉल्ड’), आणि आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तर ‘इड’ (‘वेटेड’). आता ‘वॉक्ड’पुढे ‘टु’ आला. दोन ‘ट’ एकमेकांत बुडाले आणि ‘वॉक्टु’ झालं. ‘वॉक टु’ आणि ‘वॉक्ड टु’ यांत कानाला फरकच उरत नाही. ‘आय यूज टु गो’ असं लिहिणारे म्हणूनच इतके आहेत. ते ऐकतात ‘यूस्टु’. लिहायचं ‘यूज्ड टु’. गंमत म्हणजे ‘डिड’ आल्यावर ‘डिडन्ट यूज टु’ हेच बरोबर.

पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर उलट होतं, शेवटचं व्यंजन उडी मारून पुढच्या शब्दात जातं. ‘पिक्ड इट अप’ ऐकू येतं ‘पिक् टि टप’. आणि भरभर बोलताना ‘हिम’, ‘हर’ यांचा ‘ह’ गळतो: ‘टोल्ड हिम’चं ‘टोल्डिम’, ‘आस्क्ड हिम’चं ‘आस्टिम’. एका मुलीने श्रुतलेखनात ‘आस टीम’ लिहिलं होतं. तिचा कान अगदी बरोबर होता. अशा वेळी आवाजावर विसंबू नका, वाक्यात ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’ आहे का ते शोधा. तेही नसेल तर आधीची गोष्ट कुठल्या काळात चालली होती ते बघा.

आता किती ताणायचं, याबद्दल माझं मत. ‘डिस्कस्ड अबाउट’ भारतभर ऑफिसांत चालतं आणि कुणाचं काम त्याने अडत नाही. परीक्षेला बसणारा किंवा परदेशी ग्राहकाशी लिहिणारा असेल तर मी ते काढायला लावते. नाहीतर खुणेपुरती रेघ मारते आणि पुढे जाते. ‘टर्न्ड ऑफ इट’ आणि ‘सेड मी’ मात्र कुणालाच सोडत नाही. ‘रिटर्न्ड बॅक’वरही मी रेघ मारायची, अलीकडे कंटाळा येतो.

मेल शेवटी असा गेला: ‘आय डिस्कस्ड माय लीव्ह विथ माय सुपरवायझर अँड ही टोल्ड मी दॅट ही वुड कॉल यू, बट ही डिड नॉट कॉल.’ दुसऱ्या दिवशी वायरमनने साहेबांचं उत्तर दाखवलं. रजा मंजूर होती. खाली एक ओळ होती: ‘कम टु माय केबिन, वी विल डिस्कस अबाउट इट.’